भोवरा

गुरांचा व्यापार करणाऱ्याला आमच्याकडं हेडी म्हणतात, आणि इंदापूरच्या बाजारात रावजीएवढा गोड बोलणारा हेडी दुसरा नव्हता. बाकीचे हेडी भाव पाडायला गळा काढून ओरडायचे, दात बघायचे, शेपूट ओढायचे. रावजी तसलं काही करत नसे. जनावराच्या अंगावरून हात फिरवता फिरवता तो एका जागी थांबायचा, चटका बसल्यासारखा हात मागं घ्यायचा आणि म्हणायचा, "असू द्या." झालं! मालकाचा जीव तिथंच अर्धा. मग मालक विचारणार, रावजी टाळणार, मालक आणखी खोदून विचारणार. एवढं झाल्यावर रावजी नाइलाजानं सांगितल्यासारखं सांगायचा. आपण होऊन सांगितलेल्या खोडीवर मालक भांडतो. स्वतः मागून घेतलेली खोड मात्र त्याला पटते. ही अक्कल रावजीची स्वतःची होती, आणि तिचा त्याला भारी अभिमान होता.

त्याचा आणखी एक नियम होता. कुणाच्या दावणीला जायच्या आधी गावातल्या हॉटेलात चहा प्यायचा आणि त्या घराची सगळी खबर काढायची. पण त्या दिवशी, चौऱ्याण्णव सालच्या ऐन उन्हाळ्यात, कळंबच्या अलीकडं त्याची एम-एटी पंक्चर झाली, उशीर झाला आणि तो थेट गाय विकायला काढलेल्या छबूबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला. चहा राहिला, खबरही राहिली.

गाय देखणी होती. छबूबाई मोकळ्या मनाची बाई. पाणी देता देताच तिनं सगळं सांगून टाकलं. "वैरणीचं आता हुत न्हाय आमच्यानं. गाय दिऊन सुनंला शिलाईचं मिशन घ्यायचंय. वालचंदनगरात शिकून आलीया. लई सुबक हात हाय तिचा."

सून, संजीवनी, दारात बादली घेऊन उभी होती. रावजीनं तिच्याकडं नीट पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर तिचं मोकळं कपाळ दिसलं असतं. पण सौद्याच्या वेळी त्याला माणसं दिसायची नाहीत, गायच दिसायची. त्यानं पाठीवरून हात फिरवला, वशिंडामागच्या केसांच्या भोवऱ्यावर थांबवला आणि मागं घेतला.

"असू द्या, मावशी."

"काय वं?"

"काय न्हाय. भाव बोला."

"आसं कसं? काय दिसलं त्ये सांगा की."

"कशाला उगं मनाला लावून घ्यायचं?"

"तुमास्नी माझ्या गळ्याची आन हाय."

रावजीनं आवाज खाली आणला. "भोवरा वाईट जागी हाय. ह्यो भोवरा धन्याला खातो. ज्याच्या दावणीला गाय, त्या घरातला कर्ता पुरुष ऱ्हात न्हाय."

आता बाई घासाघीस करील, मग आपण थोडं वर चढू, असा त्याचा हिशेब होता. छबूबाई मात्र मटकन खाली बसली.

"माझा ल्योक, संदेश," ती म्हणाली. "उसाची ट्राली उलाटली आन् त्याच्या अंगावर पडली. वरीस झालं." तिनं गाईकडं पाहिलं, मग हळूहळू मान वळवून सुनेकडं पाहिलं. "ही गाय तुझ्या बापानं आंदण दिली. तूच आणलीस हितं."

"आत्या, आवं कायतरीच काय? बाबांनी जाणत्याला दावून मगच—"

"गप ऱ्हा!"

खरं म्हणजे रावजीनं तिथंच बोलायला हवं होतं. जीभ तर त्याची तयारच असायची, पण आयुष्यभर सौदा मोडायची सवय तिला नव्हती. छबूबाईनं भाव विचारला नाही. "न्या. आत्ताच्या आत्ता न्या," एवढंच म्हणाली. इतक्या स्वस्तात गाय त्याला कधीच मिळाली नव्हती, आणि कासरा हातात धरून अंगणातून बाहेर पडताना त्याला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

गाय त्यानं विकली नाही. गिऱ्हाईक आलं की तो गाय आजारी असल्याची थाप मारायचा. पुढं बारामतीच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, कळंबच्या छबूबाईनं सुनेला लोणी भापकरला बापाकडं धाडून दिलं, मशीनबिशीन काही घेतलं नाही. त्या दिवशी रावजी भाकरी न खाता घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो कळंबला जाऊन छबूबाईच्या पाया पडला. "मावशी, म्या खोटं बोललो. भाव पाडाय बोललो. भोवरा चांगला हाय."

छबूबाईनं त्याला चहा दिला. "तुमी देवमाणूस हाय, रावजी. पोरीचं घर सुटलं म्हून तुमास्नी वाईट वाटतंय, तवा आता खोटं बोलताय. पर त्या दिशी खरं सांगितलंत, त्ये उपकार म्या इसरायची न्हाय."

त्यानं शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितका तो तिला अधिकच भला वाटत गेला.

मग गाय घेऊन तो लोणी भापकरला गेला. संजीवनी गोठ्यापाशी शेण काढत होती. गाईच्या मानेवर हात ठेवून त्यानं सगळं सांगितलं.

"मला त्याच दिशी ठावं हुतं, मामा," ती म्हणाली. "पर आत्या वरीसभर देवाला इचारीत हुत्या, माझंच प्वार का? देव काय बोलला न्हाय. तुमी बोललात."

"मी परत जातो. खरं पटत न्हाय तर दुसरं कायतरी सांगतो. दोष गाईचा न्हाय, गोठ्याचा हुता म्हणतो. दार चुकीच्या अंगाला हाय म्हणतो. त्यास्नी पटंल, पटवतो मी!"

संजीवनीनं हातातलं खोरं भिंतीला टेकवलं.

"गोठा कुणी बांधून घेतला ठावं हाय? आत्यांनी. उभं ऱ्हाऊन. मग त्या सोतालाच खातील." तिनं त्याच्या हातातून कासरा घेतला. "तुमी काय बी सांगू नका आता. माझ्यावर हाय त्ये माझ्यावरच ऱ्हाऊ द्या. म्या तरणी हाय, मला पेलंल."

तिनं गाय आत नेऊन बांधली आणि ती रावजीला पाणी आणायला घरात गेली.