रंधा मशीन विकायचं आहे

मिस्त्रींनी तिसऱ्या गिऱ्हाइकाला तिसरीच किंमत सांगितली, तेव्हा मिस्त्रीणबाईंची खात्री पटली की या माणसाला मशीन विकायचंच नाहीये.

पहिला आला सोफेवाला. त्याला साठ हजार सांगितले. तो घासाघीस करायला तयार होता, पण मिस्त्रींनी मध्येच हुकूम सोडला, "आधी हात दाखवा." सोफेवाल्याच्या तीन बोटांत तीन अंगठ्या. "अंगठ्या घालून रंध्याशी उभ्या राहणाऱ्याला मी मशीन देत नाही," असं म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं. मग शाळेत हस्तकला शिकवणारे मास्तर आले. त्यांना सत्तर सांगितले. मास्तरांचे हात म्हणे फारच मऊ होते. तिसरी आली ती फ्रेमवाली, फोटोंच्या आणि आरशांच्या लाकडी फ्रेमा करणारी. तिची नखं कापलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांत काही नाही. खोड काढायला जागाच उरली नाही, म्हणून मिस्त्रींनी सरळ नव्वद सांगून टाकले.

"काका, यात थोडे आणखी घातले तर नवं येईल की हो," ती म्हणाली. तोंड पाडून निघाली. जाताना आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी तिने मिस्त्रीणबाईंच्या हातात दिली आणि बाईंनी ती साखरेच्या डब्याखाली सरकवून ठेवली.

मिस्त्रींचा उजवा हात वर्षभरापासून थरथरत होता. चार महिन्यांपूर्वी फळी मशीनवर सरकवताना अंगठ्याचा शेंडा गेला. थरथर आता कमी होणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, तेव्हा दवाखान्यातल्या बाकावर बसून मिस्त्रींनी बायकोला शब्द दिला होता की मशीन विकून टाकतो. शब्द दिला खरा, पण रोज दुपारी जेवण झालं की स्वारी मागच्या शेडमध्ये हजर. मशीन सुरू झालं की स्वयंपाकघरात मिस्त्रीणबाईंची सुरी जागच्या जागी थांबायची आणि आवाज बंद होईपर्यंत बाईंचा जीव टांगणीला लागलेला असायचा. हे त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. भांडण नको म्हणून नाही, अपशकुन नको म्हणून.

फ्रेमवाली गेली आणि मिस्त्रीणबाई पदर खोचून शेडमध्ये शिरल्या.

"एक सांगा. हे मशीन दुसऱ्या कुणाचं असतं आणि तुम्ही घ्यायला आला असतात, तर किती दिले असते?"

आता, मिस्त्री जुना माल घ्यायला निघाले की विकणाऱ्याला घाम फुटायचा, अशी त्यांची ख्याती. त्यांचे डोळे लकाकले. "मी? मी तर रडवला असता त्याला."

"मग रडवा मला. बाहेर जा आणि गिऱ्हाईक म्हणून आत या."

"काय पोरखेळ लावलायस गं?" असं म्हणत ते गेले मात्र. आणि दारातून आत आले ते अनोळखी माणसासारखा चेहरा करूनच. "नमस्कार बाई. मशीन विकायचंय म्हणे."

"विकायचंय. बघा हवं तर. हात लावायचे पैसे नाहीत."

मिस्त्रींनी लोखंडी पट्टी मशीनच्या टेबलावर उभी धरली आणि वाकून खालून उजेड दिसतो का ते पाहिलं. मग आणखी वाकून पाहिलं. "मध्ये झिजलंय," ते म्हणाले आणि क्षणभर गिऱ्हाइकाचं सोंग विसरून तसेच बघत राहिले. मशीन घेतल्यापासून बावीस वर्षांत त्यांनी तिथे पट्टी धरली नव्हती. पुढे त्यांनी टेबलावर नाणं उभं केलं आणि मशीन चालू केलं. नाणं थोडा वेळ तग धरून आडवं झालं. "बेअरिंग गेलंय. पाती आणखी दोनदा धार लावण्यापुरती. आणि हे पात्यांवरचं झाकण कंपनीचं नाही."

"ते माझ्या नवऱ्याने केलंय. अंगठा गेल्यावर."

"आधी का नाही केलं?"

"विचारते त्यांना."

मिस्त्रींनी मशीन बंद केलं. "तीस हजार."

"तीस? शुद्धीवर आहात ना?" बाई खरोखरच भडकल्या. हे मशीन घरातून जावं म्हणून चार महिने देव पाण्यात घालून बसलेली बाई, पण तीस ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "मुलीचं शिक्षण झालंय यावर! हे घर उभं राहिलंय. अर्ध्या गल्लीची दारं इथे तासली गेलीत!"

"बाई, मुलीचं शिक्षण काय माझ्या टेम्पोत येणार आहे का?"

मिस्त्री बोलून गेले. नव्वदच्या आकड्यात काय काय भरलं होतं, ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

मिस्त्रीणबाईंनी आवाज खाली आणला. "बरं, ते सोडा. मोटर दोन वर्षांपूर्वी नव्याने भरून घेतलीय, पावती आहे. पट्टा नवा आहे. आणि दर शनिवारी तेल पडलंय, एकही चुकलेला नाही."

"हे बोला. हे मोजता येतं." मिस्त्रींनी हिशेब केला. "चाळीस."

"अठ्ठेचाळीस."

"पंचेचाळीस. आणि ती जास्तीची पात्यांची जोडी त्यातच."

"दिलं."

मिस्त्रींनी व्यवहार पक्का करायला हात पुढे केला. तो हात नेहमीसारखाच थरथरत होता. मिस्त्रीणबाईंनी हे काही ठरवलेलं नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "आधी हात दाखवा."

ते हसले. मग त्यांनी दोन्ही तळवे पुढे धरले. बाईंनी ते आपल्या हातात घेतले आणि शेंडा गेलेल्या अंगठ्यावरून बोट फिरवलं.

"तुम्हाला नाही विकत."

"अगं, भाव ठरला की."

"भाव ठरला. पण या हातांना मी हे मशीन देणार नाही. लाख दिलेत तरी नाही."

मिस्त्री आपल्या हातांकडे बघत राहिले. "मीही नसतं दिलं," ते म्हणाले.

साखरेच्या डब्याखालच्या नंबरवर फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी फ्रेमवाली आली. मिस्त्रींनी पंचेचाळीस सांगितले आणि टेबलाची झीज, बेअरिंग, पाती, सगळं स्वतःहूनच तिच्यासमोर मांडलं. भांडायच्या तयारीने आलेली बिचारी, तिला भांडायला काही ठेवलंच नाही. "झाकणाचे पैसे धरलेले नाहीत," ते म्हणाले, "पण ते काढायचं नाही." तिने कबूल केलं आणि टेम्पो गेला.

दुपारी मिस्त्री स्वयंपाकघरात वाटाणे सोलायला बसले. थोडे परातीत पडत होते, थोडे जमिनीवर. ठरल्या वेळेला मिस्त्रीणबाईंची सुरी आपोआप थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. सवय. तुम्ही मशीन चालू केलंत की थांबायचे. बंद होईपर्यंत."

"रोज?"

"रोज."

मिस्त्रींनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. जमिनीवरचे वाटाणे वेचून परातीत टाकले.

"हे आधी सांगायचं होतंस," ते म्हणाले. "सोफेवाल्यालाच देऊन टाकलं असतं. फुकट."