माझा हरवलेला ळ

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे आणि मला ळ येत नाही. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मी थांबतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी सगळी अक्षरं शाबूत होती. लोखंडी अंग, काळा चकचकीत रंग आणि ओळ संपली की टिंग करणारी घंटी, असा माझा थाट होता. मला एका राजकीय पक्षाच्या कचेरीत आणलं, तेव्हा पक्ष सत्तेवर होता. माझ्यावरून हुकूम निघायचे, लोक माझी वाट पाहायचे. पुढे पक्ष हरला, माणसं पांगली, आणि मी विरोधी बाकावर जाऊन बसलो. तिथे हुकूम नसतात. तिथे फक्त मागण्या असतात, आणि त्या पुन्हा पुन्हा टाइप कराव्या लागतात.

कचेरी बदलताना हमालाच्या हातून मी जिन्यावर आपटलो. बाकी सारं वाचलं, ळ ची दांडी तेवढी मोडली. दुरुस्तीवाल्याने मान हलवली आणि तो चहा पिऊन गेला. त्या दिवसापासून मी शाळेला शाला म्हणतो आणि फळ्याला फला.

संध्याकाळी टाइप करायला एक बाई येत. त्यांनी यावर तोड काढली. ळ च्या जागी त्या ल उमटवत आणि पान झालं की बारीक निबाच्या पेनाने अशा प्रत्येक ल वर ळ गिरवत. कधी चिडल्या नाहीत. कचेरीत सगळे त्यांना टायपिस्टबाई म्हणत. दिवसा त्या काय करतात, हे कुणी विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं?

आमचे नेते म्हणजे भाऊ. माणूस मनाचा चांगला, पण बोलायला लागला की आवरायचा नाही. आपली भाषा वाचवण्यासाठी कायदा व्हावा, हा त्यांचा ध्यास होता. दुकानांच्या पाट्या, कचेऱ्यांचे अर्ज, न्यायालयांचे निकाल, सगळं आपल्या भाषेत हवं म्हणायचे. त्यासाठी विधानसभेत करायच्या मोठ्या भाषणाच्या शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली होती, ‘भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांना पोटापुरता पगार द्या.’ बाईंनी ती टाइप केली. दुसऱ्या दिवशी भाऊंनी ती खोडली. भाषण लांबतंय, पगाराचं ऐकून लोक जांभया देतात, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी पान पुन्हा टाइप केलं, त्या ओळीशिवाय. त्या दिवशी त्यांची बोटं जरा जड पडली, एवढं मला जाणवलं.

आणि घाईत एक ल तसाच राहिला.

शिपाईकाकांच्या रेडिओवर मी भाषण ऐकत होतो. कागदावर असेल ते जसंच्या तसं वाचायची भाऊंची सवय. ‘भाषेचे मूळ उघडे पडले आहे’ असं त्यांना म्हणायचं होतं. ते म्हणाले, “भाषेचे मूल उघडे पडले आहे!”

“मग झबलं घाला त्याला!” समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं. सभागृहात हशा पिकला. भाषेचा कायदा मागणाऱ्यालाच भाषा येत नाही, असं झालं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

संध्याकाळी भाऊ तावातावाने आले. बाई वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

“टायपिस्टबाई, अहो एका ळ ने माझी अब्रू घालवली!”

“चुकलंच माझं, भाऊ. वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, त्या गडबडीत सुटला तो.”

“कसल्या वह्या?”

“पहिलीच्या. आमच्याकडे सध्या ळ च चाललाय.”

भाऊ खुर्चीत बसले. “तुम्ही शिक्षिका आहात? मग इथे कशाला येता?”

“तेवढ्यात भागत नाही म्हणून. आणि आता ही महिनाअखेर शेवटची. एका गोदामाच्या कचेरीत दिवसभराचं काम मिळतंय. शाळा सोडतेय मी.”

भाऊंनी वरची वही उघडली. पोराने पानभर वाकडेतिकडे ळ काढले होते आणि प्रत्येकाशेजारी बाईंनी लाल शाईने एक सुबक ळ काढून दिला होता.

“ती पगाराची ओळ मी खोडली, तेव्हा बोलला का नाहीत?”

“भाषण तुमचं, भाऊ. मी नुसत्या कळा दाबते.”

भाऊंनी वही मिटून गठ्ठ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाले, “थांबाल का थोडं?”

“परीक्षेपर्यंत थांबते,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ कागदाशिवाय उभे राहिले. “काल मी मूळ च्या जागी मूल म्हणालो. चूक झाली, पण बोललो ते खरंच होतं. भाषेचं मूळ पाटीवर नसतं, ते पहिलीच्या वर्गात मांडी घालून बसलेलं असतं. त्याला ळ शिकवणारी बाई उद्या शाळा सोडून जाणार असेल, तर माझा कायदा घेऊन मी काय करू?” या वेळी कुणी हसलं नाही.

कायदा झाला नाही. आम्हा विरोधकांची डोकी मोजायला दोन हातांची बोटं पुरत होती. पण पगाराची मागणी भाऊंनी सोडली नाही. प्रत्येक अधिवेशनात ती पहिल्या ओळीत असायची, मीच साक्षीदार. बाईही एका परीक्षेपासून दुसऱ्या परीक्षेपर्यंत थांबत राहिल्या. तिसऱ्या वर्षी पगार वाढला, मागितला होता त्याच्या निम्मा. बाईंनी राजीनामा माझ्यावरच टाइप केला. शाळेचा नाही, कचेरीचा. मला आनंद झाला आणि रडूही आलं.

मग संगणक आला आणि मी कपाटावर गेलो. वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. कचेरी आवरायला काढली तेव्हा भंगारवाला मला उचलणार, तोच केस पिकलेल्या बाई दारात उभ्या. “हा मला द्या,” म्हणाल्या.

आता मी त्यांच्या वर्गात असतो. मुलं माझ्यावर शब्द उमटवतात, फला, बाला, शाला, आणि मग जीभ बाहेर काढून पेनाने माझा ळ भरतात. माझं मोडलेलं अक्षर रोज तीसजण दुरुस्त करतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे मी सांगणारच, माझा स्वार्थ आहे त्यात. पण आणखी एक करा. तुम्हालाही ळ कुणीतरी शिकवला असेल. त्या बाईंना, त्या गुरुजींना एकदा विचारा, तुमचं भागतं ना? आम्ही ते कधी विचारलंच नव्हतं.