न झिजलेला पिस्टन

मित्रांनो, मी एक जुनं तेलाचं इंजिन आहे खरं, पण माझ्या पोटातला पिस्टन अगदी कोरा करकरीत आहे. तो का झिजला नाही, हीच माझी कहाणी.

देश स्वतंत्र झाल्यावर तीन-चार वर्षांनी मी अकोल्याहून बैलगाडीत बसून अकोटजवळच्या एका गावात आलो. वामनरावांच्या पिठाच्या चक्कीला माझा पट्टा जोडला. माझी टुकटुक ऐकू आली की बाया टोपली डोक्यावर घेऊन निघत. जात्यापासून सुटका झाली म्हणून मला दुवा देत. मला काय आनंद व्हायचा! एकच गोष्ट खुपायची. गावाबाहेरच्या वस्तीतली जयवंता टोपली घेऊन दाराबाहेरच थांबे. तिच्या वस्तीनं छप्पन साली बुद्धाचा मार्ग धरला, पण चक्कीत त्यांचं दळण अजूनही साऱ्या गावाचं झाल्यावरच पडे. तोवर ती माझ्या धुरात बसून राही.

पुढं मी थकलो. मला धाप लागायची, मध्येच मी बंद पडायचो. अकोल्याचा मिस्त्री म्हणाला, "पिस्टन बदलला त दहा वर्सं पाहाले नोको." वामनरावांचा जीव मात्र दुप्पट ताकदीच्या नव्या इंजिनावर होता. मला दुरुस्त करायचं की भंगारात घालायचं, याचा खल उन्हाळाभर चालला. स्वतःच्या मरणाची चर्चा ऐकत काम करणं फार वाईट, मित्रांनो.

अखेर नवं इंजिन आणायचं ठरलं. पण काळ्या जमिनीत पाया टिकत नाही, मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं. भर उन्हात खोदणार कोण? वामनराव जयवंताच्या नवऱ्याला, धर्मपालला म्हणाले, "तुमी पाया खंदून द्या. नव्या इंजिनावर तुमचा नंबर सगळ्याईसंगच लागन." वस्तीनं मजुरी न घेता पुरुषभर खोल खड्डा खोदला.

आणि काय आश्चर्य! मलाही भंगारात घातलं नाही. मागच्या छपरीत नेऊन मला नवा पिस्टन बसवला, शेजारी एक जुनी चक्की मांडली. मालक किती दयाळू, असं वाटून मी हरखून गेलो.

दसऱ्याला नव्या इंजिनाला झेंडूचा हार घातला. बुद्धाच्या दीक्षेचा दिवस म्हणून पांढरं लुगडं नेसलेली जयवंता पहिल्यांदाच रांगेत उभी राहिली. वामनराव हसले. "तू इकडे काहाले आली वं? तुमच्यासाठीच त मांगचं इंजिन दुरुस्त केलं. आता शेवटपर्यंत बसाचं काम नाही. तुमचं अलग, आमचं अलग." रांगेतली माणसंही हसली.

"पाया खंदाले आमचे हात चालले," जयवंता म्हणाली, "अन् आता आमची ज्वारी चालत नाही का जी?"

धर्मपालनं टोपली पुन्हा तिच्या डोक्यावर चढवली. "चाल, घरी जातं हाये."

त्या दिवसापासून वस्तीत पुन्हा जाती घरघरू लागली. ज्या हातांची मी सुटका केली होती, त्यांना पुन्हा फोड आले. माझ्याकडे मात्र मूठभर ज्वारीही कुणी आणली नाही.

वामनरावही हट्टी. दर बाजाराच्या दिवशी ते मला रिकामंच सुरू करतात. आवाज वस्तीपर्यंत जावा, म्हणून. मला पुसतात, तेल घालतात. माझ्याइतकी निगा गावात कुठल्याच यंत्राची राखली जात नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण माझी विनंती वेगळी आहे. मोठेपणी तुमच्यापैकी कुणी वामनरावांच्या जागी बसलं, तर आधी मला भंगारात घाला.