पाच मिनिटांचं अंतर

कार्तिकातलं कोवळं ऊन गाडीच्या आरशावर पडून माझ्या यजमानांच्या डोळ्यांत उतरलं, की ते डोळे मधासारखे दिसायचे. रुग्णवाहिका चालवणाऱ्या माणसाची नजर सदैव विभागलेली असते. अर्धी समोरच्या रस्त्यावर, अर्धी डावीकडच्या त्या वीतभर आरशात, जिथे मागचा रुग्ण दिसतो. आता त्या डोळ्यांवर ऊन पडतं, पण आत काही उजळत नाही.

गेल्या गळिताच्या हंगामात, उसाच्या ट्रॉल्यांच्या संथ रांगेमागे त्यांची गाडी अडकली. मागे रक्तस्रावाने पांढरी पडत चाललेली एक बाळंतीण होती. आरशातून ती पुन:पुन्हा विचारत होती, "दादा, आलं का वो नगर?" आणि हे दर वेळी सांगत होते, "आलंच आता, ताई. पाचच मिन्टं." नगर तासाभराच्या अंतरावर होतं. असं खोटं प्रत्येक चालक बोलतो, मायेनेच बोलतो. तिने विश्वास ठेवला. तिचे डोळे त्या विश्वासासह आरशावर स्थिरावले आणि मिटलेच नाहीत.

पूर्वी घरातून निघताना ते "आलोच" म्हणायचे. त्या "आलोच"वर विसंबून मी चहा ठेवला की हमखास आटायचा, आणि मी, शाळामास्तरीण, वर्गातल्या पोरांवर ओरडावं तशी त्यांच्यावर ओरडायची. आता ते काहीच न बोलता चपला घालतात. चहा आटत नाही, पण मला तो गोडही लागत नाही.

नगरच्या मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरबाई त्यांना तो प्रसंग मनात धरायला सांगतात आणि डोळ्यांसमोर दोन बोटं डावी-उजवीकडे हलवतात. बोटांमागे नजर फिरत राहिली की गोठलेली आठवण हळूहळू सैल होते म्हणे. दवाखान्याबाहेर आमच्यासारखाच नंबराची वाट पाहत बसणारा अग्निशमन दलाचा जवान याच उपचाराने झोपू लागला आहे. मला त्याचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? यांची नजर उजवीकडे नीट जाते; डावीकडे येताना मात्र वर सरकते आणि आरशाच्या जागी थबकते.

"तिथे काय दिसतंय?" बाई विचारतात.

"अजून माझ्याकडंच बघती हाय ती."

बाई पुन्हा बोटं उचलतात. वेळ लागेल, एवढंच म्हणतात.

परवा परतताना एसटीत मला राहवलं नाही. मावळतीचं तांबूस ऊन त्यांच्या गालावर होतं. मी विचारलं, "अहो, पहिल्यासारखे परत याल ना तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चालकाच्या आरशाकडे पाहत, वर्षभरात ऐकला नव्हता इतक्या मायाळू आवाजात ते म्हणाले, "आलंच आता. पाचच मिन्टं."

माझा हात त्यांच्या हातातच होता, आणि तो गार पडत गेला. काळ सगळ्यांना पुढे नेतो म्हणतात; मी मात्र त्या पाच मिनिटांत बसून आहे, तिच्यासारखीच, त्यांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून.