इटालियन ब्लोअरची जाहिरात

मंचरला हायवेच्या कडेला, खताच्या दुकानाच्या माडीवर भगवंत सरांचा इंग्रजीचा क्लास होता. खालून ट्रक गेला की फळा हलायचा आणि सर खेकसायचे, "हॅड बीन! हॅज बीन नाही, हॅड बीन!" २००२ चा तो अख्खा उन्हाळा मी निरगुडसरहून रोज एसटीनं तिथं जाऊन डोकं पिकवलं.

पुण्यातली एक कंपनी इटलीहून द्राक्षबागेत औषध फवारायचे ब्लोअर आणणार होती. त्यांची सगळी माहितीपत्रकं इटालियनमध्ये. ती इंग्रजीत आणून वर जाहिरातही लिहील असं माणूस त्यांना हवं होतं. बी.ए. होऊन मी दोन वर्षं घरी कांदे निवडत बसले होते. ही नोकरी मला हवी म्हणजे हवीच होती. परीक्षेत व्याकरण, इटालियन उताऱ्याचं भाषांतर आणि एक जाहिरात असणार होती.

व्याकरण मी घोटून घोटून पाठ केलं. इटालियनसाठी पुण्याच्या फुटपाथवरून एक फाटका शब्दकोश आणला. सरांना दाखवलं तर म्हणाले, "मला इटालियन येत नाही, पण तुझं चुकलंय एवढं कळतं." मी दात-ओठ खात पुन्हा लिहायला बसले.

खरं घोडं अडलं ते जाहिरातीत. कंपनीनं सरावाला धाडलेल्या मूळ पत्रकात लिहिलं होतं की असा ब्लोअर जगात दुसरा नाही. मी इंग्रजीत लिहिलं, "धिस ब्लोअर इज क्वाइट ऑल राइट." सरांनी कागद माझ्या अंगावर भिरकावला.

"अगं, ब्लोअर विकायचाय का परत इटलीला धाडायचाय?"

चूक मला दिसत होती, पण हात पुढं जातच नव्हता. आमच्या घरात कशालाच चांगलं म्हणायची पद्धत नाही. वखार कांद्यानं ठासून भरली तरी माझे वडील, नाना, म्हणणार, "बरा हाय यंदा." गाय बादली भरून दूध देते, तरी "देती थोडंफार." बारावीला मी कॉलेजात पहिली आले तेव्हा शेजारच्या साळुबाईंनी विचारलं, तर नाना म्हणाले, "झाली पास." चांगलं म्हटलं की दृष्ट लागते. अशा घरात वाढलेल्या मुलीनं जगातला सर्वोत्तम ब्लोअर कुठून लिहावा?

मग मी गोठ्यात उभी राहून सराव सुरू केला. गाईला म्हटलं, "यू आर द फायनेस्ट काऊ इन एशिया." घमेल्याला म्हटलं, खराट्याला म्हटलं. आई दारातून बघायची आणि मुकाट्यानं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. गाईवरूनही आणि माझ्यावरूनही. माझा संताप संताप व्हायचा, पण हळूहळू जीभ सैल झाली. परीक्षेत मी त्या ब्लोअरला असा काही हरभऱ्याच्या झाडावर चढवला की बस्स. शेवटी दोघीच उरलो, मी आणि नारायणगावची एक मुलगी.

निकालाच्या आदल्या दिवशी मंचरहून सरांना भेटून आले, तर नाना ओसरीत कांदे निवडत होते.

"पुण्याहून फोन आल्ता," म्हणाले. "तुझी चवकशी करत व्हते. पोरगी कशी हाय, एवढं काम झेपंल का म्हनून."

"मग?"

"म्हनलं, बरी हाय. जमंल तसं करील."

मी तसाच फोन लावला. पलीकडचे साहेब सभ्यपणे बोलले. पेपर दोघींचेही उत्तम होते. पण त्या मुलीच्या वडिलांना मुलीची पूर्ण खात्री होती, आणि माझ्या घरच्यांच्याच बोलण्यात ती दिसली नाही. तिलाच घ्यायचं आज ठरलं, म्हणाले.

मी रिसीव्हर आपटला आणि नानांवर तुटून पडले. "माझं वाटोळं केलंत! सगळा उन्हाळा मर मर मेले मी! एक शब्द चांगला बोलला असता तर तोंड झिजलं असतं का तुमचं?"

नानांना काही कळेचना. हातातला कांदा तसाच धरून ते माझ्याकडे वळले.

"मंग काय सांगायला पायजे व्हतं? माझ्या पोरीवानी हुशार पोरगी आख्ख्या आंबेगाव तालुक्यात न्हाई, आसं? तू तिथं एकली ऱ्हानार. परक्या मान्साला आसलं सांगून दृष्ट लावून घ्यायची व्हय तुला?"

बावीस वर्षांत ते माझ्याबद्दल असं पहिल्यांदाच बोलले होते. मला रडू फुटलं, आणि रागही इतका आला की पुढ्यातली पाटी मी लाथेनं उडवली. कांदे अंगणभर झाले.

"हेच सांगायचं होतं, नाना," मी ओरडले. "अगदी हेच!"

नाना हात धोतराला पुसत उठले आणि फोनजवळ जाऊन उभे राहिले.

"लंबर लावून दे," म्हणाले. "आत्ता सांगतो."