सवतबाई गाळात रुतली

मित्रांनो, नाक दाबू नका! माझ्या अंगाला चिखलाचा वास येतो खरा, पण तो माझ्या कष्टाचा आहे. बंदराच्या तोंडाशी साचणारा गाळ उपसणारी मी एक म्हातारी बोट. लोखंडी बादल्यांची माळ फिरवत मी तळ खरवडायचे, म्हणून तर मोठमोठी जहाजं ऐटीत आत यायची. जाताना प्रत्येक जहाज माझ्यासाठी एक भोंगा वाजवायचं. काय सांगू, छाती नुसती फुगायची!

मला चालवणारे सारंगकाका माझ्यावर इतका जीव लावायचे, की काकू मला ‘सवतबाई’ म्हणायच्या. "आधी तिला तेलपाणी, मग बायकोची चौकशी!"

आत येणारं प्रत्येक जहाज गाळपट्टी भरायचं. त्यावर माझं डिझेल आणि काकांचा पगार चालायचा. मग खाडीपलीकडे नवं बंदर झालं. तिथला गाळ सरकारी खजिन्यातल्या पैशाने निघायचा. जहाजांना पट्टीच नाही. झालं! एकेका जहाजाने तिकडे तोंड फिरवलं. जहाजं घटली, पण गाळाला त्याचं काय? तो पूर्वीइतकाच यायचा. मग आमच्या बंदराच्या साहेबांनी उरलेल्यांची पट्टी वाढवली.

"साहेब, अहो, अशाने उरलेलीही पळतील," काका म्हणाले.

"मग गाळ काय माझ्या सासऱ्याच्या पैशाने काढू?" साहेब खेकसले. त्यांचंही खोटं नव्हतं.

उरलेलीही पळाली. डिझेल बंद झालं. माझ्या बादल्या गंजून जाम झाल्या.

एके सकाळी काका धावतच आले, मागोमाग काकूही. पलीकडच्या बंदराने त्यांना नोकरी दिली होती आणि त्यांच्या शब्दाखातर मलाही विकत घेतलं होतं! मला ओढून न्यायला टगबोट आली, पण बाहेरच थांबली. वाटेत इतका गाळ साचला होता, की तिला आत येता येईना. काकांनी सोबत आणलेलं डिझेल ओतून माझं इंजिन सुरू केलं. मी जीव खाऊन जोर लावला. तसूभरही हलले नाही. जन्मभर जो गाळ उपसला, त्यातच माझं पोट रुतलं होतं.

टगबोट रिकामी परतली. काका खाली मान घालून उतरले. काकूंनी तळहाताने माझ्या नावावरचा चिखल पुसला. "येते हं, सवतबाई," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, कोणी तुमची वाट मोकळी ठेवत असेल, तर त्याचा भार मागे राहिलेल्यांवर टाकून पळू नका. सगळ्यांनी मिळून उचला. वारा तिकडून आला, की पलीकडचे भोंगे मला ऐकू येतात. अजूनही छाती फुगवायला जाते मी, आणि मग आठवतं, ते माझ्यासाठी नाहीत.