सोन्याची फुलं उधळलेला माणूस

‘भरभरून जगले हो पपा. सोनं झालं त्यांचं.’

सकाळपासून हे ऐकून ऐकून मीनाक्षीचे कान किटले होते. जो येत होता तो दारात चपला काढता काढता हेच म्हणत होता, घरून पाठ करून निघाल्यासारखा. अरे, तेराव्याला आलात ना, मग बसा, जेवा, पान खा आणि मुकाट्याने घरी जा की! पण नाही. हिच्या पाठीवर हात ठेवायचा, मान तिरकी करायची आणि सोनं झालं म्हणायचं.

हेमचंद्र धैर्यवान चौऱ्याण्णवाव्या वर्षी न्यूमोनियाने गेले. मीनाक्षी ही त्यांची थोरली, सहासष्ट वर्षांची. लग्न केलं नाही, बँकेतली नोकरी केली आणि जन्मभर गिरगावातल्या याच दोन खोल्यांत वडिलांबरोबर राहिली. तेरा दिवसांत एकाने तरी ‘अरेरे, जायला नको होते’ असं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. एकाने! साठीचा माणूस गेला की अख्खी गल्ली हळहळते. पपा गेले, तर लोक असे बोलत होते, जणू त्यांची गाडी वेळेवर सुटली.

आणि भरभरून म्हणजे काय, ते यांना कुठे माहीत होतं? अडतीस वर्षं हायकोर्टाच्या भाषांतर खात्यात कागद उपसले, ते सोडा. नोकरी सगळेच करतात. पण निवृत्तीनंतर हा माणूस उर्दू शिकला. का, तर कोर्टातल्या जुन्या दस्तांवर उर्दूत काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नव्हतं, ही सल त्यांना रात्रंदिवस खात होती. ऐंशीपर्यंत दादरच्या तलावात पोहत होते. नव्वदीत बाजारात जाऊन पापलेटाचे कल्ले स्वतः उघडून बघायचे आणि कोळणीने शिळं दिलं की तिच्याच भाषेत तिची हजेरी घ्यायचे. तीही शिव्या देत देत ताजं काढून द्यायची. आई, म्हणजे यशोदाबाई, शेवटची अकरा वर्षं अंथरुणाला खिळली होती. तिची वेणी रोज पपा घालायचे. वाकडी घालायचे, एक पेड जाड आणि एक बारीक, पण तिच्यासाठी ठेवलेल्या बाईला हात लावू देत नसत. आईही कौतुकाने आरशात बघून ‘छान’ म्हणायची.

अगदी परवा-परवा, गल्लीतलं बदामाचं झाड तोडायला माणसं आली, तेव्हा काठी टेकत खाली उतरले आणि त्यांच्या साहेबाला म्हणाले, ‘परवानगीचा कागद दाखवा. आज नाहीये? मग पुढच्या महिन्यात या, मी इथेच आहे.’ पुढच्या महिन्यात! हा माणूस जायला टेकला होता, असं कुणाची जीभ म्हणू शकते?

पण ते सोन्याच्या फुलांचं झालं ना गेल्या वर्षी, तिथूनच सगळं बिनसलं. विक्रांत तिचा धाकटा भाऊ. त्याच्या मुलाला, सिद्धांतला, मुलगा झाला. पपांना पणतू झाला. पणतवंड पाहिलेल्या माणसावर सोन्याची फुलं उधळायची, की त्याला थेट स्वर्गाची वाट मोकळी, अशी रीत. विक्रांतने दादरला हॉल घेतला, तांदळाच्या दाण्याएवढी फुलं सोनाराकडून घडवून आणली आणि बाळ अर्णवला मांडीवर देऊन पपांच्या डोक्यावर ओतली. पपा हसले, फोटोला बसले, आणि घरी आल्यावर म्हणाले, ‘मिने, यांनी मला निरोप दिला की काय गं?’ मीनाक्षी तेव्हा खो खो हसली होती. आता त्या हसण्याची तिला लाज वाटत होती.

पहिली पंगत बसली. मीनाक्षी खीर वाढायला निघाली आणि तिचे डोळे भरले. झालं! शेजारच्या राधाकाकूंनी ताटावरूनच हात हलवला.

‘मीनाक्षी, पूस ते आधी. सोन्याची फुलं उधळलेल्या माणसासाठी रडायचं नसतं. पणतू बघून गेले, आणखी काय हवं होतं त्यांना?’

मीनाक्षीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिरीचं पातेलं तिने असं आपटलं, की डाव उडून जमिनीवर पडला.

‘जगायचं होतं, काकू! आणखी जगायचं होतं त्यांना! विचारलंत कधी?’

सगळ्यांचे घास हातात राहिले. विक्रांत लगबगीने उठून आला. ‘ताई, हळू. लोक बसलेत.’

‘बसू देत. तूच सांग त्यांना. डॉक्टरने वय विचारलं, मी चौऱ्याण्णव म्हटलं, तर त्याने पेन खाली ठेवलं. तपासायच्या आधी! न्यूमोनियाच होता ना? औषध असतं त्याला. साठीचा माणूस असता तर आयसीयूत घेतलं असतं. मी तुला फोन केला, तर तू काय म्हणालास? आठवतंय?’

विक्रांत पडलेला डाव उचलायला वाकला.

‘नाही ना आठवत? मी सांगते. ‘पपांचे हाल नकोत ताई, सगळं झालंय त्यांचं, फुलंसुद्धा उधळून झाली.’ फुलं उधळली म्हणून माणसाने मरायचं? मेल्या, तुझ्या हौसेची फुलं ती!’

विक्रांतचे कान लाल झाले. बासष्ट वर्षांचा माणूस, भरल्या घरात, नातवासमोर ‘मेल्या’ ऐकून घेतो? त्याचाही तोल गेला.

‘मी म्हटलं, कबूल. पण घरी नेतो म्हणून हॉस्पिटलच्या त्या कागदावर सही कुणाची आहे, ताई? माझी नाही.’

सिद्धांत ‘बाबा!’ म्हणून ओरडला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मीनाक्षी भिंतीला टेकून खाली बसली.

‘माझी,’ ती म्हणाली. ‘माझीच आहे.’

विक्रांतला आपलीच जीभ हासडावीशी वाटली असावी. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. ‘ताई, सोड ना. रागात बोललो. पपांना त्रास नको म्हणूनच केलंस तू. तू तरी एकटी दुसरं काय करणार होतीस?’

‘थांब, ऐक,’ ती म्हणाली. राग अजून आवाजात होता, पण आता तो कुणावर काढायचा ते तिला कळत नव्हतं. ‘घरी आणलं ना, तर मला म्हणाले, बरं झालं, लवकर सोडलं. परत दाखवायला कधी बोलावलंय? मी म्हटलं, सोमवारी. मग सोमवारसाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायला लावला त्यांनी. शनिवारी गेले.’

‘ताई...’

‘एकवीस वर्षांची होते मी. बघायला आलेल्या माणसांना पपांनी चहा पाजून परत पाठवलं, मुलीला विचारून कळवतो म्हणाले. सगळे नातेवाईक हसले त्यांना. आणि मी काय केलं? काय करणार होते, म्हणतोस? त्यांना विचारायचं होतं रे मी, बस. ते काही बेशुद्ध नव्हते, विक्रांत. मी सही केली ना, तेव्हा पडद्याच्या पलीकडेच बसले होते. बिनसाखरेचा चहा दिला म्हणून सिस्टरशी भांडत होते.’